पुरावाबाई आणि निळा पडदा

बाईंना कुठं लिंबू-मिरची टांगलेली दिसली की त्या लिंबू काढून घ्यायच्या. जीपला असो, किराणा दुकानाच्या दाराला असो, हात वर करून दोरा तोडायच्या, मिरच्या मालकाच्या हातावर ठेवायच्या आणि म्हणायच्या, "ह्या भाजीत घाला. लिंबाचं मी सरबत करते." एकदा चेलाडी फाट्यावर एका वडापच्या जीपवाल्यानं धीर करून विचारलं, "आन् बाई, गाडी उलाटली मंजी?" बाई निवांत त्याच्याच जीपमध्ये मागं चढून बसल्या. म्हणाल्या, "उलटली तर मीही आतच आहे. आणखी काय पुरावा देऊ तुम्हाला?" त्या दिवशी तो गडी अख्खा रस्ता बैलगाडीच्या वेगानं आला म्हणे.

वेल्ह्याच्या रस्त्याला, मार्गासनीच्या पुढं, एका गावातल्या हायस्कूलात त्या सायन्स शिकवायच्या. खरं नाव हजेरीपत्रकात असेल तेवढंच; बाकी सगळं खोरं त्यांना पुरावाबाई म्हणायचं. कुणी म्हणालं अमावास्येला गाडी काढू नये, बाई विचारणार, "पुरावा?" कुणी म्हणालं मांजर आडवं गेलं, बाई विचारणार, "त्या मांजराला विचारलंत का, तुम्ही आडवे गेलात म्हणून त्याचं काय झालं?" एका आजीच्या अंगात आलं होतं तर बाई गर्दीत घुसून तिच्या काखेत थर्मामीटर लावून बसल्या. "ताप नाहीये. दमलात तुम्ही. बसा, चहा घ्या." आजी खरोखरच बसली. आणि हे सगळं 'अहो-जाहो' करून बरं का. पाचवीतल्या शेंबड्या पोरालासुद्धा बाई 'तुम्ही' म्हणायच्या. त्यामुळं त्यांच्याशी भांडायची सोयच नव्हती.

मी भोरचा. माझ्या आब्बांचं एसटी स्टँडकडून गावात येणाऱ्या रस्त्याला घड्याळ दुरुस्तीचं दुकान होतं. घड्याळजीच्या धंद्याला एक जुना कलंक आहे, माझ्या वयाच्या वाचकांना तो सांगायला नको. घड्याळ दुरुस्तीला दिलं की गिऱ्हाइकाच्या मनात पाल चुकचुकतेच: आतलं चांगलं मशीन काढून ह्यानं भंगार तर बसवलं नाही ना? आब्बांनी उभं आयुष्य ह्या एका संशयाशी कुस्ती खेळली. घड्याळ उघडायचं ते गिऱ्हाइकासमोर. जो भाग बदलला, तो झिजका जुना भाग कागदाच्या पुडीत बांधून परत द्यायचा. "ह्यो तुमचा जुना माल. घरी निऊन टाका, पन हितं ठिऊ नका." लोक हसायचे. एवढ्याशा दातेरी चाकाचं ते घरी काय लोणचं घालणार होते? पण भोरात आब्बांचं नाव होतं ते त्या पुड्यांमुळं.

मी पुण्यात कॉम्प्युटरचा कोर्स केला आणि त्याच दुकानाच्या अर्ध्या भागात माझी पाटी लावली. त्या काळी आमच्याकडं कॉम्प्युटर म्हणजे नव्या नवरीसारखा प्रकार. चप्पल बाहेर काढा, पडदा ओढा, वर क्रोशाचं कव्हर घाला. किकवीला एका पतपेढीत एक होता, सारोळ्याला हायवेच्या एका ट्रान्सपोर्टवाल्याकडं एक, आणि असे इकडंतिकडं विखुरलेले. एवढ्यावर माझं चाललं होतं. येत होतं ते किती, हे आता विचारू नका. स्क्रू ड्रायव्हर धरायची ऐट मात्र फार होती.

बाईंच्या शाळेतला कॉम्प्युटर मुंबईला असलेल्या गावकऱ्यांनी दिलेला, जुना. तो बाईंनी लढून मिळवला आणि लढूनच राखला. संस्थेचे अध्यक्ष आण्णा म्हणून होते, मोठे बागायतदार, मनानं वाईट नव्हते, पण त्यांचं एक पालुपद असायचं: "पोरींला ह्ये कशापायी? हापिसात न्या, तितं कामाला तरी ईल." बाईंना नेमक्या पोरीच त्याच्यासमोर बसवायच्या होत्या. त्यांच्याकडं एक सीडी होती, तिच्यात माणसाचं हृदय धडधडताना दिसायचं, रक्त कुठून कुठं जातं ते लाल-निळ्या रंगात. पण आमच्या त्या जुन्या मशीनवर हृदय दोन ठोके द्यायचं आणि थांबायचं. पोरी म्हणायच्या, "मेला वाटतं." बाईंनी मला बोलावलं. मी डोकं खाजवून सांगितलं, "बाई, रॅम वाढवायला पाहिजे." रॅम म्हणजे बोटभर लांबीची एक हिरवी पट्टी, खाली बारीक सोनेरी दात. मशीनला एका वेळी जेवढं लक्षात धरायचं, ते तिथं धरलं जातं. जुनी पट्टी होतीच, शेजारी आणखी एक नवी खोचायची, एवढंच काम.

बाई स्वतः पुण्याला गेल्या. दुकानदाराला त्याच्याच मशीनवर पट्टी चालवून दाखवायला लावली, आणि रुमालात गुंडाळून, पर्समध्ये घालून, पर्स पोटाशी धरून एसटीनं आल्या. दुसऱ्या दिवशी मी पोचलो तेव्हा तो रुमाल त्यांनी माझ्या हातात दिला. मी पट्टी खोचली, मशीन सुरू केलं, सीडी घातली. हृदय धडधडायला लागलं ते थांबेचना! पोरींनी टाळ्या पिटल्या. बाईंनी पण पिटल्या, आणि मग आपण पिटल्या हे लक्षात येऊन चष्मा पुसायला घेतला. मी छाती काढून भोरला आलो.

आणि बोंबललं सगळं. शाळेच्या शिपायाचा, किसनमामांचा, फोन. "रफिकभाऊ, निळं आलंय." म्हणजे? म्हणजे पडदा एकदम निळाशार, त्यावर पांढरी इंग्रजी अक्षरं, आणि मशीन गार. कळ दाबा, हलवा, शिव्या घाला, काही नाही. मी गेलो. पट्ट्या काढून परत घट्ट खोचल्या. चालू झालं! बाईंचा चहा पिऊन आलो. पुन्हा फोन: "निळं आलंय." पुन्हा गेलो. सगळं पुसून सिस्टिम नव्यानं टाकली. चालू झालं. पुन्हा निळं. मग मी म्हणालो, इथली लाईट वाईट आहे, स्टॅबिलायझर बसवला. पुन्हा निळं. मग म्हणालो, अर्थिंग नाही. तर किसनमामांनी शाळेमागं खड्डा खणून त्यात मीठ आणि कोळसा भरला. तरी निळं! मी असलो की मशीन गरीब गाईसारखं, माझी पाठ वळली की हे ध्यान. चेलाडीचे कंडक्टर मला तिकीट न मागताच ओळखायला लागले. "काय ओ, पुन्हा निळं का?" मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. पिशवी मांडीवर घेऊन मी खिडकीबाहेर बघत बसायचो.

शेवटी एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. नवी पट्टी काढून ठेवली की मशीन हळू चालायचं, पण निळं येत नसायचं. म्हणजे दुखणं पट्टीचंच. एवढं कळलं तेव्हा मला केवढा आनंद झाला! आणि नशीब असं, की हे मी बाईंना सांगायला गेलो त्याच दिवशी आण्णा शाळेत आलेले. मुंबईचे देणगीदार येऊन गेले होते, त्यांच्यासमोरच निळं आलं होतं, आणि आण्णांनी विषय काढला होता की आता हे खेळणं ऑफिसात हलवा. स्टाफरूममध्ये सगळे मास्तर बसलेले. मी भाबडेपणानं सगळ्यांदेखत म्हणालो, "बाई, सापडलं. तुम्ही आणलेली पट्टी खराब आहे."

बाईंनी हातातला खडू खाली ठेवला. मग वर्गात उदाहरण सोडवावं तशा बोटं मोजत बोलायला लागल्या. "लाईट नाही. अर्थिंग नाही. सिस्टिम नाही. राहिली पट्टी. पण ती पट्टी दुकानात माझ्यासमोर नीट चालली होती. दुकानातून ती माझ्या हातात आली, माझ्या हातातून तुमच्या. माझ्या हातात असताना तिला काही झालेलं नाही." त्यांनी माझ्याकडं बघितलं. "रफिक, तुम्ही बसवलेली पट्टी ही मी दिलेली नाही. ती ठेवून घेऊन तुम्ही दुसरीच, जुनी बसवलीत."

अहो, 'तुम्ही' म्हणून सांगितलं त्यांनी मला ते! आरडाओरडा केला असता तर मीही केला असता. माझा स्वभाव काही गरीब नाही. शाळेत असताना मी एका पोराचं डोकं फोडलेलं आहे. पण बाईंनी गणित सोडवलं होतं आणि उत्तर मी आलो होतो. सगळे मास्तर माझ्या पिशवीकडं बघायला लागले. आण्णा म्हणाले, "जाऊ द्या बाई. धंदाच तसला." माझे कान तापले. पिशवी उचलली आणि बाहेर पडलो. किसनमामा दारात उभे होते, त्यांनीही मान फिरवली.

आमच्या भागात बातमी एसटीच्याही आधी पोचते. किकवीच्या पतपेढीत गेलो तर मॅनेजर खुर्ची ओढून माझ्या शेजारी बसले. "उघडा की आमच्यासमोर. आम्हालाबी कळू द्या आत काय असतंय." आजवर कधी कळून घ्यायचं नव्हतं ते! सारोळ्याचा ट्रान्सपोर्टवाला सरळच म्हणाला, "पुन्याचा मानूस बघितलाय आता. बोलवीन तवा या." आणि आब्बांच्या गिऱ्हाइकांनीही घड्याळ देताना जरा थबकायला सुरुवात केली. कुणी काही बोलत नव्हतं. नुसतं घड्याळ काऊंटरवर ठेवायचं, आणि बोट काही त्याच्यावरून उचलायचं नाही.

एका दुपारी आब्बांनी दुकानाचं फळीदार दार लोटून घेतलं. डोळ्याचं भिंग काढलं. "काढलीस का रं?" एवढंच विचारलं त्यांनी. मी म्हणालो, "न्हाई, आब्बा." त्यांनी मान हलवली आणि दार उघडलं. विश्वास बसला की नाही, ते मला कळलं नाही. पुढं कितीतरी दिवस जेवताना आम्ही दोघं ताटाकडंच बघत जेवलो. अम्मी विचारायची, "कालवण खारट झालंय का?" मला आजही सांगताना लाज वाटते. चोरी केली असती तर एक वेळ बरं. न केलेल्या चोरीची लाज कुठं नेऊन टाकायची?

मग मी पुण्याला माझ्या कोर्सच्या सरांना फोन लावला. सगळी रामकहाणी ऐकून ते म्हणाले, "दात पुसलेस का?"

"नवी पट्टी आहे सर. नव्याचं काय पुसायचं?"

"शहाण्या, खोडरबर घे आणि पूस आधी."

मला काही ते पटलं नव्हतं. मी निघालो होतो वेगळ्याच हेतूनं. पट्टी काढून घ्यायची, बाईंना बरोबर घेऊन पुण्याच्या त्या दुकानात जायचं, आणि दुकानदारालाच विचारायचं की सांग, ही तुझी का नाही. शनिवारची शाळा सुटली होती. बाई प्रयोगशाळेत एकट्या परीक्षानळ्या मोजत होत्या. मला बघून त्या ताठ झाल्या. मी म्हणालो, "पट्टी काढून घेतो. तुम्ही माझ्याबरोबर पुण्याला चला. खोटा ठरलो तर हा धंदा सोडतो." बाई म्हणाल्या, "चालेल."

तिथलंच मशीन उघडून पट्टी हातात घेतली. सरांचं आठवलं म्हणून, खरं तर हात रिकामे राहू नयेत म्हणून, टेबलावरच्या डब्यातलं पोरांचं हरवलेलं खोडरबर उचललं आणि सोनेरी दातांवरून घासलं. पांढरं रबर लाल झालं. मला वाटलं गंज. पण गंज असा लाल नसतो. आणखी घासलं, आणखी लाल. नाकाशी नेलं. आता आम्ही मुसलमान असलो तरी भोरात वाढलोय. शेजारपाजारच्या सगळ्या पूजांचा प्रसाद खाऊन मोठा झालेला मी, तो वास मला कळणार नाही? कुंकू! तेलात कालवलेलं कुंकू, पुसून टाकलेलं, पण दातांच्या बारीक रेघांत बसून राहिलेलं. घट्ट खोचलं की तेवढ्यापुरता संबंध जुळायचा, मशीन तापलं-हललं की तुटायचा.

"बाई," मी रबर पुढं केलं, "हे काय आहे?"

बाईंनी रबराकडं बघितलं. त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग असा उतरत गेला, की मीच घाबरलो. त्या स्टुलावर बसल्या. परीक्षानळी हातातच होती. "मीच," त्या म्हणाल्या. माझ्या हातातलं रबर घेऊन त्यांनी उलटसुलट बघितलं. मग म्हणाल्या, "पुण्याहून आणली त्या रात्री झोपच लागेना. एवढी भांडून मागितली, आणि चालली नाही तर? आण्णा मशीन घेऊन जाणार, पोरी परत मागं. आमची आई नवीन काही घरात आलं की लावायची. शिवणयंत्र आलं, लावलं. रेडिओ आला, लावलं. तिचा करंडा आहे माझ्याकडं, आठवण म्हणून ठेवलेला. भीती वाटली हो मला. हात आपोआप गेला. आणि लावल्याबरोबर स्वतःचीच इतकी लाज वाटली, की लगेच पदरानं पुसून टाकलं. तुम्हाला दिसू नये म्हणून." त्यांनी मान खाली घातली. "आणि मग मी ते विसरले. खोटं नाही सांगत. मनातून काढूनच टाकलं. मी मोजत होते ना, तेव्हा ते माझ्या मोजण्यातच नव्हतं."

मी काय केलं असेल? मी हसलो! मोठ्यानं, खो खो. लिंबाचं सरबत पिणाऱ्या बाई, काखेत थर्मामीटर लावणाऱ्या बाई, आणि रॅमला कुंकू! इतक्या दिवसांचा सगळा कोंडलेला राग हसण्यातून बाहेर पडला. बाईंनी ते हसणं ऐकून घेतलं, अगदी शेवटपर्यंत, समोर बसून. मला गप्प बसा म्हणाल्या नाहीत. मग माझं हसू आपसूक थांबलं. समोर पांढऱ्या केसांची एक बाई खाली मान घालून बसली होती. मलाच कसंतरी झालं. मी म्हणालो, "जाऊ द्या बाई. गंज होता म्हणून सांगू. कुणाला काय कळतंय?"

बाईंनी वर बघितलं. मला वाटलं होतं त्या नाही म्हणतील. त्या म्हणाल्या, "चालेल का तसं?" इतक्या हळू, की ती विनवणीच होती. मी म्हणालो चालेल. पट्टी स्वच्छ करून खोचली. त्यानंतर निळं म्हणून आलं नाही.

पण गंजाच्या नावानं मशीन सुधारलं, लोकांच्या लेखी मी नाही सुधारलो. लोक काही दूधखुळे नसतात. लोकांनी सरळ हिशेब लावला: बाईंनी पकडला, पोरगं घाबरलं, गुपचूप खरी पट्टी परत आणून बसवली, आणि वर गंजाचं नाव. आधी संशय होता, आता खात्री झाली. किकवीच्या मॅनेजरांनी मला शहाणपण शिकवलं, "चूक सुधारलीस हे बरं केलंस." काय बोलणार? मीच तर गंज म्हणालो होतो. आब्बांच्या कानावर हेही गेलंच. त्यांनी ह्या वेळी विचारलंसुद्धा नाही, आणि ते विचारण्यापेक्षा वाईट होतं.

पुढचं काय झालं ते आधी सांगून टाकतो. बाईंनी एका सोमवारी प्रार्थनेला अख्ख्या शाळेसमोर उभं राहून सगळं सांगितलं. करंडा, तेल, कुंकू, पदर, सगळं. पोरं हसली, मास्तर हसले, आण्णांना कळलं तेव्हा आण्णा पोट धरून हसले. कुणीतरी विहिरीची नवी मोटर टेम्पोतून आणून बाईंच्या दारात उभी केली: "बाई, तेवढं कुंकू लावून द्या." बाई 'पुरावा?' म्हणाल्या की मागल्या बाकावरून कुजबूज व्हायची. बाईंनी विचारणं सोडलं नाही. फक्त त्यानंतर कारणं मोजताना त्या पहिलं बोट स्वतःकडं करायच्या. "आधी मी काय केलं ते बघू," म्हणायच्या, आणि तेव्हा त्यांच्या गालावर हलकीशी लाली यायची. ती त्यांच्या निवृत्तीपर्यंत गेली नाही. हे बोट मीही उचललं. आज माझ्याकडं कुणी बिघडलेलं यंत्र आणलं, की गिऱ्हाइकाला प्रश्न विचारायच्या आधी मी मनात माझेच हात तपासतो. बाई पुढं बहिणीकडं वाईला राहायला गेल्या आणि तिथंच वारल्या. मला कळलं तेव्हा सगळं उरकलेलं होतं. जायला हवं होतं.

मला सांगायचं आहे ते मात्र त्या प्रार्थनेच्या आधीचं. बाजाराचा दिवस होता. रस्ता माणसांनी भरलेला, आब्बांच्या काऊंटरपुढं गिऱ्हाइकं उभी. मी माझ्या अर्ध्या भागात खाली बसून एका उघड्या मशीनमध्ये डोकं घातलेलं. आवाज आला, "घड्याळवाले आपणच ना?" मी वाकलेलाच राहिलो. बाई! एसटीतून उतरून थेट आलेल्या, कपाळाला घाम.

"मी तुमच्या रफिकना चोर म्हणाले होते," बाई म्हणाल्या. हळू नाही, वर्गात बोलायच्या त्या आवाजात. गिऱ्हाइकं वळून बघायला लागली. "ते खोटं होतं. पट्टी माझ्याच हातानं बिघडली होती. मी तिला कुंकू लावलं होतं. त्यांनी ते शोधून काढलं, आणि माझी अब्रू राहावी म्हणून गंज म्हणाले. मी ते चालवून घेतलं." त्या थांबल्या. "आज जीपवाला मला म्हणाला, बरा धरलात बाई तुम्ही भोरच्या चोराला. माझं कौतुक करत होता. मी फाट्यावरच उतरले आणि इकडची गाडी पकडली. सोमवारी शाळेत सगळ्यांसमोर सांगणार आहे. पण आधी तुम्हाला सांगायला पाहिजे होतं. माझं चुकलं."

एका म्हाताऱ्यानं घड्याळावरचं बोट उचललं. मला वाटलं, आब्बा आता 'जाऊ द्या बाई, असू द्या' म्हणतील, चहा मागवतील. आब्बांनी डोळ्याचं भिंग काढून काऊंटरवर ठेवलं. ते हाताखालच्या पांढऱ्या कापडाकडं बघत होते.

"बाई, तुमी परक्या मानूस. तुमाला त्यो कुठून कळनार?" ते म्हणाले. "म्या त्याचा बाप. म्याबी त्याला इचारलं, काढलीस का म्हनून. न्हाई म्हनला, तरी माज्या मनातनं जाईना." सगळ्या गिऱ्हाइकांदेखत बोलत राहिले. "तुमी निदान सांगाया एवढ्या लांबनं आलात. म्या तर घरातच व्हतो. रोज एका ताटावर बसत व्हतो. माज्यानं न्हाई झालं."

काऊंटरच्या अलीकडं बाई आणि पलीकडं आब्बा, दोघंही खाली बघत उभे राहिले. मी हातातला स्क्रू ड्रायव्हर घट्ट धरून वाकलेलाच राहिलो. मान वर केली असती, तर त्या दोघांना माझ्याकडं बघावं लागलं असतं.